बोटं पूस, परत मोज

आधी मीटरच तपासायचा.
तांबडं टोक काळ्या टोकाला लाव.
पीं वाजलं तर तो शुद्धीवर आहे.
आकडा शून्य येणार नाही, अपोंडी म्हणते,
शून्य पूर्णांक तीन येईल,
तेवढं त्याच्या स्वतःच्या तारांचं.
पासंग कुठल्या तराजूला नसतो?
लक्षात ठेव आणि वजा कर.

म्बिताच्या धक्क्यावर तिची पत्र्याची टपरी.
बाहेर जाळ्यांवर ओमेना वाळत असते, टाचण्यांएवढी,
आत टेबलावर काल रात्रीचे दिवे.
मासळीला भुलवायला रात्रभर फळकुटांवर तरंगतात
आणि सकाळी येतात ते कोणी बहिरा, कोणी आंधळा,
काचेआड पाणी, पाण्यात किडे.
तीन महिने मी यांच्याच नाड्या बघतेय.

रेझिस्टर सरळ असतो. पिवळा, जांभळा, तपकिरी,
म्हणजे चारशे सत्तर.
मीटर चारशे अडुसष्ट म्हणाला तर भांडू नकोस.
पण त्याचा एक पाय बोर्डावरून उचल आणि मग विचार,
जागेवर बसून सगळे शेजाऱ्याचंच बोलतात.

डायोडला दोन्हीकडून विचारायचं.
इकडून अर्ध्या व्होल्टच्या जरा वर,
तिकडून काही नाही.
दोन्हीकडून हो म्हणाला, फेक.
दोन्हीकडून नाही म्हणाला, तरी फेक.

कपॅसिटर आधी रिकामा कर.
मी एकदा विसरले होते, जुन्या टीव्हीतला होता,
कोपरापर्यंत आठवण आहे.
रिकामा झाला की टोकं लाव आणि नुसती बघत राहा:
आकडा चढतो, चढतो, मग पडद्यावर मावत नाही.

आणि टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरू नकोस!
पहिल्या दिवशी मी तशीच धरली होती.
दीड मेगओहम. केवढी खूश झाले.
अपोंडी हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली.
अगं, तो आकडा तुझा आहे.
स्वतःला मध्ये घालू नकोस.

गुरुवारी ओगुटूची आई आली.
मिन ओगुटू म्हणतात तिला, अजूनही तेच म्हणतात.
होडी मिळाली होती, दिवा मिळाला होता.
चालेल का, एवढंच विचारलं तिने,
चालला तर विकायचा आहे,
धाकटीची फी राहिली आहे.

मी स्क्रू काढले. आतलं पाणी
बोटांवरून टेबलावर, टेबलावरून मांडीवर.
फ्यूज वाजला.
रेझिस्टर चारशे अडुसष्ट, मग चारशे दहा,
मग तीनशेच्या खाली, मग परत वर.
आकडा ठरेना.
मी टोकं दाबून धरली, आणखी दाबून धरली.
अपोंडीने माझ्याकडे बघितलं नाही,
फडकं पुढे सरकवलं.
बोटं पूस. परत मोज.

पुसली. बोर्डही पुसला,
चुलीजवळ धरला, फुंकर मारली.
चारशे अडुसष्ट.
डायोड एकदा हो, एकदा नाही.
बारा एलईडींपैकी अकरा टोक लावताच
झोपेत डोळा किलकिला करावा तसे मिणमिणले.
बॅटरी दुसरी लागणार, ती फुगली होती.
आणि बटण. बटणाच्या पायांना टोकं लावली, दाबलं,
काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.
आत गंज. म्हणजे बंद करायला, चालू करायला
कोणीतरी खूप वेळा दाबलेलं असणार,
असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.
चाळीस शिलिंगचं बटण, अपोंडी म्हणाली,
बॅटरी माझ्याकडची जुनी घाल.

दुपारचे दोन. सरोवर पांढरं फटक झालेलं,
टपरीच्या दारातून ऊन थेट टेबलावर.
मी बटण दाबलं.
लागलाय का? मिन ओगुटूने विचारलं. दिसत नाहीये.
लागलाय, मी म्हटलं. मोजलाय मी.

तिने डोक्यावरचा लेसो सोडला,
दिव्यावर घातला, मग स्वतःवरही घातला,
आणि आत डोकं घालून बसली.
कापडाची फुलं आतून उजळली.

मीटरचा काटा मी बंदवर आणून ठेवला.
चालू राहिला तर नऊ व्होल्टची बॅटरी उतरते,
आणि ती म्बितात मिळत नाही,
थेट किसुमूहून आणावी लागते.